नर्मदेची तलवार आणि गेटवरचा फोन

घाबरणारी माणसं बोईसरला काय कमी आहेत? कुणी सापाला भितं, कुणी साहेबाला, कुणी नुसत्या सासूच्या खोकल्याला. पण नर्मदा तामोरेची भीती सगळ्यांहून निराळी होती आणि तिच्यापुढे कुणाचं काही चालत नव्हतं. ती आवाजाला घाबरायची. कुकरची शिट्टी चालायची, कारण ती येणार हे आधीच ठाऊक असतं. न सांगता आलेला आवाज मात्र तिच्या पोटात शिरायचा. रस्त्यावर टेम्पोचा टायर फुटो, वरच्या मजल्यावर कपाट आदळो, वरातीत सुतळी बॉम्ब वाजो, हातातलं काम आहे तिथे टाकून बाई फोनकडे धावायची. एकदा तर अंगावरचं ब्लाउजचं माप घेता घेता गिऱ्हाईक बाईला दोन्ही हात वर केलेल्या अवस्थेत तशीच उभी ठेवून ती धावली होती.

फोन नवऱ्याला नसायचा. मारुती तामोरे रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होता आणि तिथे मोबाईल आत न्यायला बंदी होती. गेटवर एक खणांची पेटी होती, तिच्यात मोबाईल ठेवायचा आणि मग आत जायचं. म्हणून नर्मदा फोन लावायची तो गेटवरच्या केबिनमध्ये. तिथे इंद्रजीत नावाचा सिक्युरिटीवाला बसायचा. हा जौनपूरकडचा, शांत स्वभावाचा गडी. त्याला तिचा आवाज इतका पाठ झाला होता की तिने "हॅलो" म्हणायच्या आत तो सुरू करायचा.

"भाभी, टायर फटा है हायवे पे. मारुती भाई एकदम ठीक हैं."

"तुमी बघितला काय त्यांना?"

"अभी पूछता हूँ." मग तो इंटरकॉमवर आत सांगायचा, "मारुती भाई, भाभी का फोन आ गया." आत हशा पिकायचा. मारुती आतून "ठीक हाय म्हणून सांग" असं ओरडायचा आणि ते शब्द इंद्रजीत जसेच्या तसे, मराठीतच, तिच्या कानात ओतायचा. तेवढं ऐकलं की नर्मदा खाली बसायची आणि मग कुठे तिला घाम फुटायचा.

तुम्ही हसाल. सगळेच हसायचे. पण ही बाई जन्मतः भित्री नव्हती, हे आधी सांगून टाकतो. ती शिरगावची, मांगेल्या कोळ्यांची मुलगी. बाप होडीवर खलाशी. वारा फिरला की आई, जमना तिचं नाव, किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची आणि शेवटची होडी लागेपर्यंत घरी फिरकायची नाही. धाकट्या नर्मदेला तिचा हात धरून उभं राहावं लागायचं. आई तेव्हा बोलायची नाही, फक्त मुलीचा हात दाबायची, इतका की बोटं पांढरी पडायची. त्या वयातच नर्मदेनं ठरवलं होतं की आपण असं कुणासाठी उभं राहायचं नाही. लग्नाच्या वयात दोन चांगली स्थळं आली, स्वतःच्या होड्या असलेली. तिनं दोन्ही मोडली आणि दांडी गावचा मारुती पसंत केला, कारण त्यानं जाळं सोडून कंपनी धरली होती. "कंपनीला लाटा नसतात," असं ती मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगायची.

पुढे बोईसरला घर झालं, मुलगी झाली, शिवणयंत्र आलं, सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीची काच आत आली. आधी काच आली आणि आवाज नंतर ऐकू आला, असं ती आजही सांगते. मारुतीच्या कारखान्याशेजारच्या प्लॉटवर रिअॅक्टर, रसायनं उकळायची मोठी टाकी, फुटला होता. ती धावत गेटवर पोचली तेव्हा तिथे बायकांची गर्दी होती, धुरानं डोळे चुरचुरत होते आणि कुणीच काही सांगत नव्हतं. मारुती धडधाकट होता, जखमींबरोबर हॉस्पिटलात गेला होता, पण हे तिला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. तोवर ती गेटवरच उभी होती. आईसारखी उभी होती. ज्यापासून पळाली तेच तिच्या दारात रस्त्यानं चालत आलं होतं. त्या दिवसापासून तिचे कान कधी बंद झाले नाहीत.

मुलगी वैभवी नर्सिंग शिकायला वसतिगृहात राहायला गेली आणि घर अधिकच शांत झालं. शांत घरात आवाज जास्तच मोठे होतात. फोन वाढले. मारुती आधी हसायचा, मग चिडायचा, मग गप्प राहायला लागला. आणि गणपती गेल्यावर एके दिवशी जेवताना, मासळीचा काटा काढता काढता तो म्हणाला, "मला दहेजला काम मिळतंय, तिकडं गुजरातेत, केमिकलमध्येच. दिवाळीनंतर जाईन म्हणतो."

"आपण जाणार?"

"मी जाणार. तू इथंच ऱ्हा."

नर्मदेचा घास हातातच राहिला. तो वर न बघता बोलत होता, म्हणजे मनातल्या मनात पुष्कळदा बोलून झालेलं होतं. "नर्मदे, मला आता नाय सोसत. तू दिवसभर कान लावून बसतेस, मला तिथं तुझे कान दिसतात. मशीन बघू की तुझे कान बघू? तिकडं लांब असलो तर तुला आवाज तरी ऐकू येणार नाय."

"मी बंद करीन फोन."

"तुझ्यानं नाय होणार."

"दिवाळीपर्यंत बघा. एकदा जरी गेटवर फोन आला तरी जा खुशाल."

मारुती काही बोलला नाही. त्याचा अर्थ तिनं होकार असा घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको नवऱ्याच्या गप्प बसण्याचे अर्थ लावत जाते, त्यातला हा एक.

शब्द दिला खरा, पण पाळायचा कसा? भीती म्हणजे काही नळ नव्हे, पिळला आणि बंद झाला. पहिल्याच आठवड्यात कुठेतरी काहीतरी धडामकन पडलं आणि तिनं फोन तांदळाच्या डब्यात खुपसून डब्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर स्वतः बसली. दातखीळ बसायची वेळ आली होती. तो घरी येईपर्यंत तिनं पाण्याचा घोट घेतला नाही. आला तो नेहमीसारखा आला, चपला काढल्या, "चहा टाक" म्हणाला. तिला वाटलं, अशानं दिवाळीपर्यंत आपण काही जगत नाही.

अशा दिवसांत रूपलबेन तिच्याकडे आली. ही डहाणूची गुजराती पोरगी, बोईसरला सून होऊन आलेली. प्लायवूडच्या दुकानावर एक हॉल घेऊन ती बायकांना नाच शिकवायची. कमरेला बांधायचे पट्टे तिला शिवून हवे होते, चकचकीत पैशांसारख्या टिकल्यांच्या झालरी लावलेले. नर्मदेनं शिवले. कमरेला बांधून ते कशाला हलवायचे हे तिला कळलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. शिलाई करणारी बाई असल्या चौकशा करत नाही. तयार पट्टे द्यायला ती दुपारच्या बॅचला हॉलवर गेली आणि दारातच थबकली.

समोरच्या इमारतीतले पुरुष डोकावतात म्हणून खिडक्यांना जाड पडदे लावलेले. आत सात-आठ बायका, कुणी बँकेतली, कुणी शिक्षिका, कुणी नुसती घरातली, पोटं हलवत उभ्या, बेली डान्स म्हणतात तो हाच. ते पाहून नर्मदेला आधी लाजेनं मेल्यासारखं झालं. पण मधोमध रूपलबेन होती आणि तिच्या डोक्यावर आडवी तलवार होती. वाकडी, लांब, ट्यूबलाइटच्या उजेडात लकाकणारी. रूपलबेनची कंबर कुठल्या कुठे चालली होती आणि तलवार देवळातल्या समईसारखी स्थिर होती. तेवढ्यात खाली दुकानात कुणीतरी प्लायवूडचा गठ्ठा आपटला. धाडकन आवाज झाला. नर्मदेच्या हातातले पट्टे गळून पडले. रूपलबेनची पापणीसुद्धा हलली नाही.

नाच संपल्यावर नर्मदेनं तिला गाठलं. "तुमाला ऐकू नाय आला काय?"

"आला ना, ताई. पण तलवार डोक्यावर असली की दचकून चालत नाही. दचकलं की खाली. हळूहळू अंगाला कळतं."

"कुणाच्या पण अंगाला कळेल?"

रूपलबेननं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पंचेचाळिशीची, भरल्या बांध्याची, केसांत गजरा, हातात पिशवी. "कळेल," ती म्हणाली. "पट्टे शिवलेत तुम्ही, एक तुमच्यासाठी पण शिवा."

नवऱ्याला तिनं "व्यायामाला जाते" असं सांगितलं. खोटं म्हणाल तर खोटं नव्हतं, आणि खरं सांगायची छाती नव्हती. दांडीच्या सासरी कळलं असतं की सून पोट हलवायला शिकते, तर पुढची सगळी लग्नं-बारशी तिला त्यावरून ऐकून घ्यावी लागली असती.

तलवार बोथट होती. नाचायचीच तलवार, तिला धार नव्हती. तरी पहिल्या दिवशी रूपलबेननं ती दोन्ही हातांनी तिच्या माथ्यावर ठेवली तेव्हा नर्मदेनं डोळे मिटले. आणि हात सोडताक्षणी तलवार सुळकन घसरून लादीवर खणखणली. असा तो आवाज! नर्मदा किंचाळून भिंतीला चिकटली. सगळ्या बायका हसल्या. मग रूपलबेननं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि कपाळावर मारून घेतला. केस खोबरेल तेलानं चपचपीत होते. "ताई, भजी तळायचीत का?" दुसऱ्या दिवशी नर्मदा केस धुऊन आली. रूपलबेननं पात्याला मधोमध मेण चोळलं, बोटावर तोलून बरोबर जागा शोधली आणि तलवार पुन्हा ठेवली. ती बसली. अगदी पहिल्या फटक्यात बसली.

आणि नर्मदा चालू लागली.

कुणी तिला चाल म्हटलं नव्हतं. पण लहानपणी आईबरोबर मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती बाजारापर्यंत जायची. डोक्यावर वजन आलं की थांबायचं नाही, छोटी छोटी पावलं टाकत झपाझप निघायचं, थांबलात तर मान मोडते, हे त्या पायांत मुरलेलं. तलवार माथ्यावर टेकली आणि पाय आपले आपण सुटले. नर्मदा तरातरा हॉल ओलांडून दारापर्यंत गेली, तिथून वळली आणि परत आली. मान ताठ, तलवार ताठ, चेहऱ्यावर मासळी बाजाराची घाई.

"अहो, नाचायचंय, विकायचं नाहीये!" रूपलबेन ओरडली. या वेळी नर्मदाही हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, आणि हसताना तलवार पडली.

मान तिची तयार होती, कंबर मात्र दगडाची होती. पाटी वाहणाऱ्या बाईचं सगळं अंग एकजीव असतं, एकच खांब. रूपलबेन सांगायची की खांदे वरच्या मजल्यावर, कंबर खालच्या मजल्यावर, मध्ये जिना आहे असं समजा. नर्मदेला तो जिना काही सापडत नव्हता. कंबर हलवली की मान हले, मान धरली की श्वास अडके. आणि भीती तर होतीच. खाली गठ्ठा पडला की तलवार पडायची. कुणाचा मोबाईल वाजला की तलवार पडायची. रूपलबेन मुद्दाम मागे जाऊन टाळी वाजवायची आणि तलवार पडायची. दर वेळी तो खणखणाट. घरी जाताना तिला वाटायचं, भीतीवर औषध म्हणून आपण आणखी एक आवाज विकत घेतला.

पण जात राहिली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. घरी तांदळाचा डबा होता, इथे तलवार होती. समोरच्या भिंतीवर एक खिळा होता, त्यावर नजर ठेवायची आणि गुडघे सैल सोडायचे. आणि एके दिवशी, कसा कोण जाणे, जिना सापडला. पोट वेगळं झालं, मान वेगळी झाली. कमरेच्या टिकल्या वाजू लागल्या आणि माथ्यावरचं पातं हललं नाही. खाली गठ्ठा आपटला. पातं हललं नाही. बायकांनी टाळ्या पिटल्या.

आनंद व्हायला हवा होता. झाला तोही, पण क्षणभरच. हॉलचा जिना उतरताना तिच्या ध्यानात आलं की मघापासून आपण ऐकतच नव्हतो. इतका वेळ कान बंद होते. त्या वेळात काही झालं असतं तर? वेडेपणा होता, तिलाही ठाऊक होतं. पण तिच्या मनात खोल कुठेतरी असं बसलं होतं की ती ऐकते म्हणून तो जिवंत आहे. तिचा कान म्हणजे एक दोर होता, दुसऱ्या टोकाला मारुती. दोर सैल सोडला आणि तो गेला तर? आई किनाऱ्यावरून हलायची नाही ती त्याच भीतीपायी, हे तिला तेव्हा समजलं. ती घरी येऊन देवापुढे बसली आणि मारुती दारात दिसेपर्यंत उठली नाही. त्याला काही झालं नव्हतं. त्यानं चहा मागितला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हॉलवर गेली, कारण दिवाळी जवळ येत होती आणि गेटवर अजून एकही फोन गेला नव्हता.

मग तो दिवस आला. आश्विनातलं ऊन, दुपारची बॅच. मारुती पहिल्या पाळीला गेलेला. रूपलबेननं त्या दिवशी तिला मधोमध उभं केलं, बाकीच्यांना बाजूला बसवलं. गाणं लागलं. नर्मदेनं खिळ्यावर नजर लावली आणि गुडघे सैल सोडले.

आवाज झाला तो गठ्ठ्याचा नव्हता. जमीन आधी हलली. खिडकीच्या काचा पडद्यांमागे थरथरल्या आणि छताचा पंखा डुलला. बोईसरच्या माणसाला हा आवाज सांगावा लागत नाही. मग सगळ्या एकदम उठल्या. अशा वेळी इथे एकच रीत आहे. सरळ गच्चीवर जायचं, धूर कुठे ते बघायचं, कारखान्यांचा कुठला झोन ते ओळखायचं आणि आपलं माणूस त्या बाजूला नसलं की हुश्श करायचं. जिन्यावर चपलांचा गोंधळ झाला. रूपलबेनही पळाली. जाताना "ताई, चला!" म्हणून ओरडली.

नर्मदा हॉलमध्ये एकटी राहिली. तलवार तिच्या डोक्यावर होती.

पडली नव्हती. हे तिला जरा वेळानं कळलं. गाणं चालूच होतं. फोन भिंतीकडेच्या खुर्चीवर होता, पिशवीवर, निघाली असती तर तीन पावलांत मिळाला असता. छाती अशी उडत होती की तिला वाटलं, पातं त्यानंच पडेल. फोन उचलला की इंद्रजीत सांगेल, ठीक हैं भाभी. आणि फोन उचलला की मारुती जाईल दहेजला, एकटा. आणि समजा ठीक नसेल तर? तर फोन करून तरी काय होणार? गेटवर उभं राहून काय झालं होतं? तिला ओरडायचं होतं. तिनं नजरेनं खिळा धरला. डोळ्यांत पाणी आलं आणि खिळ्याचे दोन खिळे झाले, तरी तिनं नजर सोडली नाही. कंबर हलवत राहिली, कारण थांबली असती तर पायांनी तिला फोनकडे नेलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या मिनिटांत ती जितकी घाबरली तितकी आयुष्यात कधी घाबरली नव्हती, काच आत आली तेव्हाही नाही. फक्त ती भीती आता मानेच्या खालीच राहिली होती.

गाणं संपलं. दुसरं लागलं, मग तिसरं, चौथं, पाचवं. बाहेर फायर ब्रिगेडचा भोंगा ऐकू आला आणि त्यापाठोपाठ जिन्यावर जड बुटांचा आवाज.

दारात मारुती उभा होता.

कंपनीचा निळा युनिफॉर्म, डोक्यावर पिवळं हेल्मेट तसंच, पायांत सेफ्टी बूट. तो घरी जाऊन आला होता. कुलूप बघून शेजारणीला विचारलं होतं आणि तिनं सांगितलेल्या हॉलवर धावत आला होता. आता श्वास पुरत नव्हता म्हणून त्यानं चौकट धरली होती. समोर त्याची बायको कमरेला टिकल्यांचा पट्टा बांधून, डोक्यावर तलवार घेऊन उभी होती, आणि त्याबद्दल त्यानं एक शब्द काढला नाही.

"फोन का नाय केलास?"

नर्मदा हलली नाही. हलायचं सुचलंच नाही. "तुमीच..."

"फोन का नाय केलास तू?" त्याचा आवाज चिरकला. "आमच्याकडं नाय, मागच्या झोनला झाला. आमी सगळे गेटवर येऊन थांबलो. इंद्रजीत फोनकडं बघतोय, मी फोनकडं बघतोय, अख्खी पाळी फोनकडं बघत ऱ्हायली. आवाज झाला की तुझा फोन येतो, मग कळतं की संपलं. शब्द दिलास तरी एवढ्या आवाजाला करशील वाटलं, आज येईना. मी तुझा फोन लावला, लागेना. मला वाटलं तूच..." पुढचं त्याच्यानं बोलवेना. हेल्मेटची पट्टी सोडायला त्यानं हात वर नेला आणि त्याला ती सोडता येईना, बोटं इतकी कापत होती.

नर्मदेनं दोन्ही हातांनी तलवार उतरवली आणि खुर्चीवर ठेवली. मग त्याच्याजवळ जाऊन त्याच्या हनुवटीखालची पट्टी सोडवली. इतक्या वर्षांत तिनं त्याचे हात कापताना कधी पाहिले नव्हते.

"तुमाला पण भीती वाटते?"

मारुती भिंतीला टेकून खाली बसला. "रोज," तो म्हणाला. "त्या दिवसापासनं रोज. आत पाय टाकला की आधी बाहेरची वाट बघून ठेवतो. पण तुझा फोन यायचा, आणि ठीक हाय म्हणून ओरडावं लागायचं. ओरडलं की जरा वेळ खरंच ठीक वाटायचं. तू घाबरून घ्यायचीस ना, मग मला घाबरायला लागायचं नाय. तू फोन बंद केलास आणि मला रात्रीची झोप नाय."

"मग दहेजला कशाला चाललात?"

"पळून," मारुती म्हणाला, आणि रडू लागला. मोठा माणूस, पांढऱ्या मिशांचा, हॉलच्या लादीवर बसून हुंदके देत होता आणि गाणं आपलं चालूच होतं. नर्मदेनं जाऊन ते बंद केलं.

मग तिनं खुर्चीवरचा फोन उचलला. लाइन लागेना, पुन्हा लावला, पुन्हा लावला. अखेर लागली.

"भाभी!" इंद्रजीत जवळजवळ किंचाळला. "कहाँ थे आप? मारुती भाई बिना बताए निकल गए..."

"माझ्याकडं हायत," नर्मदा म्हणाली. "ठीक हायत म्हणून आत सांगा." तिकडे तो इंटरकॉमवर ओरडलेला तिला ऐकू आला आणि मागून बऱ्याच माणसांचा गलका.

ती त्याच्या शेजारी बसली. कमरेच्या टिकल्या किणकिणल्या. गच्चीवरून बायका खाली उतरू लागल्या होत्या, कुठला झोन ते जिन्यातच सांगत. नर्मदेनं मारुतीचा हात आपल्या हातात घेतला.

"आता दहेजला जायची गोष्ट काढलीत तर बघा," ती म्हणाली. "तिथं काय साखरेच्या गोळ्या बनवतात? जायचंच झालं तर दोघं जाऊ आणि ऱ्हायचं तर दोघं ऱ्हाऊ. भ्यायचं ते एका घरात भिऊ."

मारुतीनं होकाराची मान हलवली. त्याचा हात अजून कापत होता, म्हणून तिनं तो दाबून धरला, बोटं पांढरी होतील इतका.